यानाकातली अनवाणी फेरी

क्योटोला दोघांनीच जायचं, हा विजयकुमार सोहोनींचा हट्ट होता. आणि दोघांनी कोपऱ्यावरच्या बागेपलीकडे पाऊल टाकायचं नाही, हा त्यांच्या मुलाचा. दोन्ही हट्ट एकाच रक्ताचे असल्यामुळे टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात आठवडाभर वाटाघाटी चालल्या होत्या. शेवटी रविवारी रात्री, वरणभाताच्या साक्षीनं, तह झाला.

"हे बघा बाबा," नचिकेत म्हणाला, "आधी टोकियोतल्या टोकियोत एक दिवस दोघं फिरून या. यानाकाला जा. जुनी देवळंच देवळं आहेत, सगळं पायी, गर्दी नाही. हरवू नका, आणि मला ऑफिसात फोन येईल असं काही करू नका. जमलं तर क्योटो. दोघंच."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुढच्या खेपेला बघू."

पुढची खेप म्हणजे काय, हे विजयकुमारांना माहीत होतं. उभी हयात त्यांनी पुण्याच्या नगर भूमापन कार्यालयात काढली होती, आणि 'पुढच्या खेपेला बघू' हे वाक्य त्यांनी स्वतः हजारो लोकांना ऐकवलं होतं. त्यातला एकही माणूस त्यांना पुन्हा खिडकीवर दिसला नव्हता. त्यामुळे यानाका म्हणजे सहल नव्हती. तो पेपर होता, आणि पास होणं भाग होतं.

परीक्षेची बातमी फुनाबोरीच्या बागेत पोचायला वेळ लागला नाही. त्या बागेतल्या एका बाकावर मुलांकडे आलेले मराठी आईबाप सकाळी उन्हाला बसतात, आणि त्या बाकाचे तहहयात अध्यक्ष नाशिकचे नंदकिशोर आहेत. त्यांची ही जपानची तिसरी वारी. पहिल्या दोन वाऱ्यांत ते बागेच्या पुढे फारसे गेले नव्हते, पण अनुभवाला भूगोल लागत नाही.

"सोहोनीसाहेब, फोनचा आवाज दिवसभर बंद ठेवा," नंदकिशोर म्हणाले. "गाडीत फोन वाजला तर इथं कोणी बोलत नाही. नुसते बघतात. ते फार वाईट. पासपोर्ट घरीच ठेवा. हरवला तर वकिलातीत खेटे घालावे लागतील. आणि मुख्य म्हणजे बूट. घर असो, हॉटेल असो, देऊळ असो, दार दिसलं की बूट काढायचे. शंका आली तरी काढायचे."

"आणि चोरीला गेले म्हणजे?"

"जपान आहे साहेब हे. इथं चोरी नाही."

"चोरी नाही असा देश नसतो," विजयकुमार म्हणाले. हा वाद त्यांच्यात आल्या दिवसापासून चालू होता आणि दोघांनाही तो संपू नये असंच वाटत होतं.

मंगळवारी सकाळी निघताना पहिला अपमान झाला. सुनेनं, म्हणजे अनघानं, दोघांच्या पादत्राणांच्या आत एकेक चिकटपट्टी लावली. तिच्यावर जपानी अक्षरांत सोहोनी हे आडनाव आणि खाली नचिकेतचा नंबर.

"इथे शाळेत सगळ्या मुलांच्या बुटांवर असतंच हो, बाबा."

"मुलांच्या," विजयकुमार म्हणाले.

"असू दे की. काय बिघडतं?" नयनाताई म्हणाल्या. त्यांनी अंगठ्याचे लोकरी मोजे चढवून सँडल घातलेसुद्धा होते.

"काय बिघडतं? उद्या गळ्यात पाण्याची बाटली अडकवतील! नचिकेत, सांगून ठेवतो. एक दिवस असे निघून जाऊ ना आम्ही दोघं, की शोधत बसशील!"

हे वाक्य मराठी बाप महिन्यातून एकदा तरी म्हणतो, आणि म्हणून झालं की खायला काय आहे ते विचारतो. विजयकुमारांनीही विचारलं. थालीपीठ होतं. नचिकेत मात्र तेव्हा एका हातानं टाय बांधत दुसऱ्या हातानं ऑफिसशी बोलत होता, आणि वाक्य पूर्ण ऐकून थालीपिठाच्या आधी घराबाहेर पडला होता.

गाड्या बदलून दोघं निप्पोरीला उतरले. स्टेशनचा पश्चिमेचा दरवाजा ओलांडला, चार पावलं चढ चढली, आणि टोकियो कुणीतरी कळ दाबून बंद केल्यासारखं थांबलं. आवाजच नाही. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना देवळांच्या भिंती, भिंतींवर काळी कौलं, आणि कौलांवरून बाहेर डोकावणारी पिवळीजर्द झाडं. त्यांची पंख्यासारखी पानं रस्त्यावर इतकी पडली होती की पाय कुठं ठेवावा असा संकोच वाटावा. एका ओट्यावर लहान लहान दगडी मूर्ती बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात कुणीतरी लाल लाळेरं बांधलं होतं.

"अगंबाई, थंडी वाजत असेल म्हणून बांधलं असेल का हो?" नयनाताईंनी विचारलं.

विजयकुमारांचं लक्ष मूर्तींकडे नव्हतं. ते भिंती बघत होते. एक देऊळ संपत होतं तिथं बरोबर दुसरं सुरू होत होतं. शेकडो वर्षांची ही शेजारी देवळं, आणि एकानंही दुसऱ्याच्या हद्दीत वीतभर भिंत सरकवलेली नव्हती. कोपऱ्याकोपऱ्यावर हद्दीचा दगड जागच्या जागी, वर शेवाळसुद्धा बेतानं. विजयकुमारांच्या डोळ्यांत पाणी आलं. काशीला गेले होते तेव्हा नव्हतं आलं.

"नयना," ते म्हणाले, "एकही अतिक्रमण नाही."

पुढं एका तिठ्यावर देवदार उभा होता, थेट हिमालयातला, घराच्या डोक्यावर छत्रीसारखा. आपल्याकडचा कुणी ओळखीचा भेटावा तसे दोघं त्याच्याखाली थोडा वेळ थांबले. मग जरा मागं फिरून, जिथं टेकडी संपते आणि खाली रेल्वेचे रूळ पसरतात, त्या कडेच्या गल्लीत शिरले. एका बाजूला देवळाचं लाकडी महाद्वार, समोरच्या बाजूला लोखंडी जाळी. जाळीखाली खोलवर रूळच रूळ, आणि त्यांवरून हिरव्या, निळ्या, पांढऱ्या गाड्या एकमेकींना अजिबात न रागावता जात होत्या. विजयकुमार जाळीला धरून बराच वेळ बघत राहिले. मग दर्शनाला वळले.

दार दिसलं, म्हणजे बूट आले. विजयकुमारांनी आधी चपलांचा स्टँड शोधला. नव्हता. टोकन देणारा माणूस नव्हता. नारळवाली नव्हती, जिच्याकडे 'बघा हां जरा' म्हणून ठेवता येतात. दारातच काढले तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतील. म्हणून त्यांनी दोघांचीही पादत्राणं उचलली, गल्ली ओलांडली आणि जाळीच्या अगदी कडेला मांडली. भूमापनवाल्याचा हात तो. दोन्ही जोड शेजारी शेजारी, टोकं जाळीकडे, टाचा रस्त्याकडे, दोरी लावल्यासारखे सरळ. दोन पावलं मागं जाऊन त्यांनी बघितलं आणि नयनाताईंचं डावं सँडल चिमूटभर सरळ केलं.

आत अंगणात पसरलेल्या खडीवर मोज्यांनी चालताना 'आई गं' होत होतं, पण समोर उघड्या आभाळाखाली एक भली थोरली ब्राँझची बुद्धमूर्ती बसली होती आणि ती इतकी शांत होती की आपलं 'आई गं' आपल्यालाच उद्धट वाटावं. नयनाताईंनी प्रदक्षिणा घातली. कुणी पळत नव्हतं, ढकलत नव्हतं, अभिषेकाची पावती फाडा म्हणत नव्हतं. दोघं पायरीवर बसले. एक पिवळं पान आलं आणि बुद्धाच्या मांडीवर पडलं. तिथंच राहिलं.

"असंच बसून राहावंसं वाटतं," नयनाताई म्हणाल्या.

बसले तसे ते बराच वेळ. आणि बाहेर आले तेव्हा जाळीच्या कडेला काहीही नव्हतं.

आता, बूट गेल्यावर माणसाला दुःख व्हावं अशी रीत आहे. विजयकुमारांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे उमटलं ते दुःख नव्हतं. तो विजय होता.

"बघितलंस? बघितलंस? नंदकिशोर म्हणे जपानात चोरी नाही!"

"देवळातून चप्पल गेली म्हणजे साडेसाती गेली म्हणतात," नयनाताई म्हणाल्या. "पण तुम्ही हसताय काय? घरी कसं जायचं? चला, पोलीस चौकी शोधू."

विजय मावळला. "चौकी? वेडी आहेस का? चौकीत गेलो की ते विचारणार, इथं तुमचं कोण आहे. मग नचिकेतला फोन. ऑफिसात. मग क्योटो संपलं. त्यापेक्षा नकाशात खाली बाजाराची गल्ली आहे ना, तिथं मिळतील त्या चपला घेऊ, पायात सरकवू आणि चार वाजता घरी. कुणाला पत्ता नाही."

"आणि नव्या चपला बघून अनघा विचारेल."

"आवडल्या म्हणून घेतल्या!"

इथं एक अडचण पुढं आली. अक्षरशः पुढं, विजयकुमारांच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. खडीनं काम केलं होतं. विजयकुमारांनी क्षणभर विचार करून दोन्ही मोजे काढले आणि खिशात घातले. फाटक्या मोज्यात नुसतं दारिद्र्य दिसतं. अनवाणी पायांत निदान काहीतरी हेतू असावा असं वाटतं.

तो हेतू लोकांना वाटला, हीच पुढची आपत्ती.

वळणावर पायी फिरणाऱ्या निवृत्त मंडळींचा एक जथा उभा होता. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, पाठीवर पिशव्या, पायांत दणकट बूट, आणि पुढं छोटा झेंडा घेतलेल्या बाई काहीतरी समजावून सांगत होत्या. नोव्हेंबरअखेरच्या थंडीत अनवाणी येणारे कपाळाला गंध लावलेले गृहस्थ आणि त्यांच्यामागून अंगठा वेगळा असलेल्या मोज्यांत येणाऱ्या बाई दिसल्याबरोबर झेंडा खाली आला. अंगठ्याचे मोजे पाहून तर बायकांत आनंदाची कुजबुज झाली. तसले मोजे जपानी बायका सणासमारंभाला घालतात. मग जथ्यातून एक वृद्ध गृहस्थ पुढं आले आणि कमरेत वाकले. ओनो असं त्यांनी नाव सांगितलं, म्हणजे इथल्या रीतीनं ओनो-सान. ते बोधगयेला जाऊन आलेले होते. त्यांचं इंग्रजी थोडं होतं आणि विजयकुमारांचं सरकारी होतं, त्यामुळे संभाषण चांगलं झालं.

"इंडिया?" ओनो-सान म्हणाले. "बुद्धांचा इंडिया?"

"होय," विजयकुमार म्हणाले. हे खरंच होतं.

"अनवाणी. माझी आजी सांगायची, नवस असला की लोक असे देवळाला जायचे. आता कोणी जात नाही." ओनो-सानांनी डोक्यावरची टोपी काढली. "तुमचा नवस... विचारू का?"

बूट चोरीला गेले, एवढं सांगितलं असतं की संपलं असतं. पण समोर डझनभर माणसं आदरानं उभी असताना 'माझे बूट चोरीला गेले' हे वाक्य तोंडातून निघत नाही. निवृत्तीनंतर विजयकुमारांकडे कुणी अशा नजरेनं पाहिलं नव्हतं. आधीही नव्हतंच, पण निवृत्तीनंतर तर नाहीच. त्यांना मनापासून जे हवं होतं ते त्यांनी सांगितलं.

"क्योटो."

ओनो-सान मागं सरकले. त्यांनी वळून ते जथ्याला सांगितलं. जथ्यातून लांबलचक "ओओओ" असा उद्गार निघाला, भरतीच्या लाटेसारखा.

"अहो," नयनाताई दातांमधून म्हणाल्या, "यांना वाटलं तुम्ही क्योटोला चालत निघालाय."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग 'नाही' म्हणा!"

"आता कसं म्हणू? बघ ना किती बरं वाटलंय त्यांना."

आणि त्यांनी उजवा हात किंचित वर केला.

"हात खाली घ्या! आशीर्वाद काय देताय?"

उशीर झाला होता. जथ्यानं आपला रस्ता सोडला होता. झेंडेवाल्या बाई आता विजयकुमारांच्या पुढं चालत होत्या आणि जथा मागून, मुद्दाम हळू, म्हणजे नवस करणाऱ्याला पुढं राहता यावं. एका आजींनी नयनाताईंच्या पिशवीत संत्री टाकली. दुसऱ्या बाईंनी हात गरम ठेवायच्या पुड्या दिल्या, तिसऱ्यांनी गुडघ्याला लावायच्या पट्ट्या. एका आजोबांनी चालता चालता आपला मफलर काढून विजयकुमारांच्या खांद्यावर ठेवला. क्योटो पाचशे किलोमीटरवर आहे. थंडी वाढत जाणार.

उतरणीच्या पायऱ्या उतरून मंडळी बाजाराच्या गल्लीत आली. जुन्या टोकियोतली गल्ली ती; तळलेल्या कटलेटांचा वास, चहाची दुकानं, उन्हात पडलेलं एक मांजर. आणि मधोमध चपलांचं दुकान. दुकानाबाहेर टोपलीत, हाताला येतील अशा, आत लोकर लावलेल्या, मऊ, तपकिरी चपला. विजयकुमारांची पावलं थांबली. पावलं म्हणजे आता दोन बर्फाचे गोळे होते. मागं जथाही थांबला. ओनो-सान हलक्या आवाजात इतरांना काहीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी श्वास रोखून धरला.

"काय म्हणाले ते?" विजयकुमारांनी ओठ न हलवता विचारलं.

"मला काय जपानी येतं? पण चेहऱ्यावरून दिसतंय," नयनाताई म्हणाल्या. "मोह बघतायत तुमचा."

विजयकुमारांनी तपकिरी चपलांकडे एकदा पाहिलं. मग मान उचलली आणि पुढं निघाले. मागं पुन्हा "ओओओ" झालं. विश्वामित्राला मेनका तरी मिळाली होती. यांना साध्या चपलाही मिळाल्या नाहीत.

गल्लीच्या पलीकडं एक छोटं देऊळ होतं. झेंडेवाल्या बाई पुढं धावल्या, आत काहीतरी बोलल्या, आणि तिथले पुजारी, काळ्या झग्यातले शांत मध्यमवयीन गृहस्थ, स्वतः दारात आले. आतला गाभारा एरवी बंद असतो, ओनो-सानांनी सांगितलं. तुमच्यासाठी उघडतायत.

आत अंधार होता, जुन्या लाकडाचा आणि धुपाचा वास होता. पुजाऱ्यांनी एक छोटा दरवाजा सरकवला. समईच्या उजेडाएवढ्या उजेडात एक देवी दिसली. वीतभर उंचीची. हातात तंतुवाद्य. शेजारी पाण्याची लाट कोरलेली.

उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या नयनाताई दोन पावलं पुढं झाल्या आणि थांबल्या.

"अहो, ही सरस्वती आहे."

"बेनतेन," पुजारी म्हणाले. मग ओनो-सानांच्या तोंडून: बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी ही देवी समुद्रावरून इकडे आली. तुमच्याकडूनच.

नयनाताईंनी हात जोडले. शाळेत रोज सकाळी म्हणायची ती सरस्वतीची प्रार्थना त्यांनी म्हटली. सावकाश, थोडी बेसूर, सगळ्या शाळकरी चुकांसकट. ती संपली तेव्हा पुजाऱ्यांनीही हात जोडले होते आणि झेंडेवाल्या बाई डोळे पुसत होत्या. विजयकुमारांच्या अंगावर काटा आला होता, आणि तो थंडीचा नव्हता. इतक्या लांब येऊन, इतकी शतकं राहून, ही बाई अजून वाजवतेच आहे. हिला कुणी 'पुढच्या खेपेला बघू' म्हटलं नव्हतं.

"आत या," पुजारी म्हणाले.

आत म्हणजे गवती चटयांवर. आणि विजयकुमारांच्या पायांवर यानाकाची अर्धी धूळ होती. हे सगळ्यांना एकदमच दिसलं. क्षणात गरम पाण्याचं घमेलं आलं, पांढरा टॉवेल आला, आणि ओनो-सान, विजयकुमारांपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठे असलेले ओनो-सान, पायरीखाली गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पायरीवर बसवलेल्या विजयकुमारांचं उजवं पाऊल दोन्ही हातांत घेतलं.

मराठी माणसाचे पाय फक्त लग्नात धुतले जातात, तेही एकदाच आणि सासऱ्याच्या खर्चानं. विजयकुमार तीरासारखे उठले.

"नको! नको! ओनो-सान, उठा! मी कसला नवसवाला! माझे बूट चोरीला गेले हो!"

ओनो-सान टॉवेल हातात धरून तसेच बसले होते.

"चोरी?" त्यांनी विचारलं. "यानाकात?"

त्यांनी ते जपानीत सांगितलं, आणि विजयकुमारांना वाटलं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं. कुणी रागावलं नाही. जथ्यातल्या एकेकाचा चेहरा उतरत गेला, घरातल्या माणसानं पाहुण्याच्या खिशात हात घातल्यावर उतरावा तसा. मग झेंडेवाल्या बाई, आजी, आजोबा, पुजारी, सगळेच्या सगळे एका रेषेत उभे राहिले आणि कमरेतून वाकले. वाकलेलेच राहिले. ओनो-सानांनी आपले बूट काढून विजयकुमारांपुढं ठेवले.

"समाधान झालं?" नयनाताई म्हणाल्या. "अख्खा देश वाकवलात."

नंदकिशोरला हे सांगायचं, असा जो एक गोड विचार बूट गेल्यापासून विजयकुमारांनी जपून ठेवला होता, तो त्या क्षणी कायमचा मेला. आपले बूट चोरीला गेले नसते तर किती बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली.

आला तो एक तरुण पोलीस. हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत दोन जोड. लेसचे बूट आणि सँडल. आणि पोलिसाच्या मागून, टाय खांद्यावर गेलेला, केस विस्कटलेले, धापा टाकत, नचिकेत.

तो दारात थांबला. त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग दोघांच्या पायांकडे, आणि मग तो पायरीवर बसला.

"फोन का उचलत नाही तुम्ही?" तो म्हणाला. आवाज ओरडण्याचा नव्हता.

विजयकुमारांनी खिशातून फोन काढला. पडद्यावर नचिकेतच्या नावाची माळ लागली होती, एकाखाली एक, संपतच नव्हती. "आवाज बंद होता. नंदकिशोर म्हणाले..."

"बाबा, तुम्ही बूट जाळीजवळ कशाला ठेवलेत?"

"समोर देऊळ होतं म्हणून. स्टँड नव्हता."

"खाली रूळ आहेत, बाबा." नचिकेतनं तोंडावरून हात फिरवला. "इथं माणसं जीव देतात ना, तेव्हा आधी बूट काढून असेच ठेवतात. जोडीनं. नीट. झाडलोट करणाऱ्या एका आजींनी पाहिले आणि त्या पळत चौकीत गेल्या. पोलिसांनी आतली पट्टी वाचून मला फोन केला. मीटिंगमध्ये होतो. म्हणे, दोन ज्येष्ठ व्यक्तींची पादत्राणं मिळाली आहेत. म्हणे, सकाळी घरात काही वाद झाला होता का?"

नचिकेतनं पोलिसाच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"मी काय सांगणार? म्हणालो, झाला होता."

"अरे, ते मी आपलं..." विजयकुमार म्हणाले. "ते काय, आपण म्हणतोच."

"मला माहितीये. पण फोन आला तेव्हा तेच आठवलं." नचिकेतनं हात गुडघ्यावर ठेवला. "गाड्या थांबवून रूळ बघत होते पोलीस. तिथून रस्त्यात कुणीतरी सांगितलं, एक अनवाणी साधू क्योटोला चालत गेलाय, इकडून. मी म्हटलं, हे बाबाच."

नयनाताई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याचा टाय खांद्यावरून खाली ओढून सरळ केला.

आता पोलीस पुढं आला. कायद्याला अश्रूंचं वावडं नाही, पण नोंद हवी. त्यानं अत्यंत नम्रपणे विजयकुमारांचा पासपोर्ट मागितला. पासपोर्ट फुनाबोरीला होता. बुटांचा मालक हाच कशावरून? त्यानं बूट विजयकुमारांच्या पायाला लावून बघितला आणि समाधानानं मान हलवली. तरीही पासपोर्ट नाही तर पाहुण्याला कुणाच्या तरी स्वाधीन करणं भाग होतं. कागद पुढं आला. नचिकेतनं वाचला, थबकला, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडाचा कोपरा हलला.

"काय आहे?" विजयकुमारांनी विचारलं.

"आईवडील आणि दोन जोड पादत्राणं सुस्थितीत मिळाली. सही करायचीये."

त्यानं सही केली. उभ्या हयातीत विजयकुमारांनी अशा लाखभर नोंदी केल्या होत्या, पण स्वतः मिळकतीच्या रकान्यात जायची वेळ पहिलीच. त्यातून ते बुटांच्या आधी होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

मग नचिकेतनं सगळ्यांना जपानीत खुलासा केला. चोरी झाली नाही, हे कळल्याबरोबर जथ्यातून जो निःश्वास निघाला त्यानं गाभाऱ्यातली ज्योत हलली. दोनचार जण तर टाळ्या वाजवू लागले. ओनो-सान मात्र जरा हिरमुसले.

"म्हणजे क्योटोला चालत नाही?"

"शिंकान्सेननं, तुमच्या बुलेट ट्रेननं," विजयकुमार म्हणाले. "बहुतेक. आता तर तेही नाही."

पोलिसाचं अजून एक राहिलं होतं. त्याला खरंच कळत नव्हतं. गाभाऱ्यात चढताना बूट काढतात हे ठीक, पण रस्त्यावरच, दाराच्याही बाहेर?

विजयकुमार विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता. "आमचं देऊळ तिथूनच सुरू होतं," ते म्हणाले. "रस्ता संपला की."

नचिकेतनं ते सांगितलं. ओनो-सानांनी पुन्हा सांगितलं, जास्त हळू. पुजारी बराच वेळ आपल्या दाराकडे, त्यापलीकडच्या गल्लीकडे बघत राहिले. आणि मग ते अंगणातून चालत बाहेर गेले, खडावा काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि अनवाणी परत आले. पायाखालच्या खडीनं त्यांचं तोंड जरा वाकडं झालं, पण ते त्यांनी देवीला दिसू दिलं नाही.

त्यांच्यामागून ओनो-सान गेले. मग आजी. मग सगळेच. मफलरवाले आजोबा दारात बसून लेस सोडायला लागले तेव्हा झेंडेवाल्या बाईंनी झेंडा त्यांच्या हातात दिला आणि स्वतःच त्यांचे बूट ओढून काढले. 'आई गं'ला जपानीत काय म्हणतात ते नयनाताईंना त्या दिवशी कळलं; तंतोतंत 'आई गं'सारखंच वाटतं. दाराबाहेर भिंतीला लागून बुटांची रांग उभी राहिली. विजयकुमार स्वतः जाऊन ती सरळ करून आले, आणि या खेपेस टोकं मुद्दाम रस्त्याकडे केली. त्या रांगेकडे पाहून तरुण पोलीस घामाघूम झाला. एवढे जोड एका जागी बघितल्यावर कुणी आजी पुन्हा चौकीत धावली तर? तो हलला नाही. रांगेशेजारी ताठ उभा राहिला.

आत चटयांवर सगळे देवीसमोर बसले. नचिकेतही बसला, ऑफिसच्या काळ्या मोज्यांत. विजयकुमारांनी त्याच्या गुडघ्यावरच्या हातावर हात ठेवला. हात अजून गार होता.

"क्योटोला जा तुम्ही," नचिकेत हळूच म्हणाला. "दोघंच. माझं काही नाही."

"बरं."

नचिकेतनं टाय सैल केला.

"पण मीही यावं म्हणतो."

"रजा मिळेल?"

"मागून बघितली नाहीये कधी."

"मग तू मागून बघ," विजयकुमार म्हणाले, "आणि आम्ही विचार करतो. पायी फार चालावं लागतं रे तिथं. तुला झेपायला पाहिजे."

"हळू बोला दोघंही," पुढच्या रांगेतून नयनाताई मागं न वळता म्हणाल्या. "ती वाजवतेय."